पैसा वर दिसतो, निवड खाली होते

फॉर्म्युला वनच्या मोटर-शर्यतींत एखादी सीट, म्हणजे संघातली ड्रायव्हरची जागा, रिकामी झाली की वाद ठरलेला. मे २०२५ मध्ये अल्पीन संघानं अवघ्या सहा शर्यतींनंतर जॅक डूहनला बाजूला केलं आणि त्याच्या जागी फ्रँको कोलापिंटोला बसवलं, तेव्हाही तो झाला. कोलापिंटोच्या पाठीशी अर्जेंटिनातल्या कंपन्या होत्या, त्यामुळे एका गटानं लगेच निकाल दिला, 'सीट विकली'. दुसऱ्या गटाचं उत्तरही पाठ असलेलं: हा धंदा आहे, ज्याच्याकडे पैसा तो बसणार, रडायचं कशाला? गेल्या काही वर्षांत आपल्याकडे रात्र जागवून शर्यती पाहणाऱ्यांची एक नवी पिढी तयार झाली आहे आणि तिच्यातही हेच दोन तट पडलेत. मला दोन्ही पटत नाहीत. कोणता ड्रायव्हर 'पे ड्रायव्हर', म्हणजे पैसा आणून सीट मिळवणारा, आणि कोणता 'खरा', या प्रश्नाभोवती आपण वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यामुळे पैसा जिथे खरोखर अन्याय करतो ती जागा नजरेआड राहते. फॉर्म्युला वनच्या दारात दिला जाणारा पैसा उघड असतो आणि गाडीवर लोगोच्या रूपानं दिसतो. कार्टिंगपासून, म्हणजे मुलांच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतींपासून, ते फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या एफ-टूपर्यंतच्या दहा-बारा वर्षांत जो पैसा ओतला जातो, तो कुणाला दिसत नाही. शेवटी त्यालाच आपण गुणवत्ता म्हणतो.

आधी 'विकत घेतलेली सीट' म्हणजे काय ते पाहू. १९९१ च्या ऑगस्टमध्ये जॉर्डन संघाचा ड्रायव्हर बर्ट्रांड गाशो लंडनमधल्या टॅक्सीवाल्याशी झालेल्या मारामारीपायी तुरुंगात गेला. बेल्जियन ग्रांप्री, म्हणजे मोसमातली पुढची शर्यत, तोंडावर होती. मर्सिडीजनं जॉर्डनला पैसे मोजले आणि आपल्या स्पोर्ट्सकार संघातला बावीस वर्षांचा पोरगा त्या गाडीत बसवला. त्यानं तिथल्या स्पा ट्रॅकवर पात्रता फेरीत सातवं स्थान मिळवून दाखवलं. तो मिखाएल शूमाकर. त्याला कुणी पे ड्रायव्हर म्हणतं का? वीस वर्षांनी, २०११ मध्ये, आपला नारायण कार्तिकेयन टाटांच्या पाठबळावर एचआरटी संघाकडून धावत होता. सिल्वरस्टोनला, ब्रिटनमधल्या शर्यतीत, त्याला उतरवून डॅनियल रिकार्डोला बसवलं गेलं, कारण रेड बुल संघानं आपण घडवत असलेल्या या तरुण ड्रायव्हरला अनुभव मिळावा म्हणून खर्च उचलला. तोच संघ, तीच गाडी, आणि बाहेरून पैसा आणायचा व्यवहारही तोच. तरी एक 'टाटांच्या पैशावर आलेला' आणि दुसरा 'रेड बुलचा हिरा'. रिकार्डो पुढे आठ ग्रांप्री जिंकला, त्यामुळे रेड बुलची पारख खरी ठरली, हे निर्विवाद. पण ती पारख निकालानंतर सिद्ध झाली. बसवताना दोघांच्याही मागे धनादेशच होता.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते कबूल केलं पाहिजे, कारण ते लहान नाही. नव्वदच्या दशकात ज्यांना त्या वेगाच्या गाडीत बसायला नको होतं अशी माणसं बसली. १९९५ मध्ये पोर्तुगालला ज्याँ-देनी देलेत्राझ पॅसिफिक संघाची गाडी चालवत होता, तो बाकीच्यांच्या कित्येक सेकंद मागे. तीनशेच्या वेगानं येणाऱ्यासमोर असा ड्रायव्हर म्हणजे जिवाशी खेळ. दुसरी गोष्ट, सीट मोजक्याच असतात, त्यामुळे पैसा एकाला आत घेतो तेव्हा दुसऱ्याला बाहेर काढतो. २०१० मध्ये निको हुल्केनबर्गनं ब्राझीलमध्ये विल्यम्स संघाला पोल, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतली पहिली जागा, मिळवून दिली आणि मोसम संपताच त्याची सीट गेली, कारण व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीचा पैसा घेऊन पास्तोर माल्डोनाडो आला. २०१८ मध्ये लॉरेन्स स्ट्रोल यांच्या पुढाकारानं फोर्स इंडिया ही संघ-कंपनी विकत घेतली गेली, मुलगा लान्स तिथे आला आणि एस्तेबान ओकोन २०१९ चं पूर्ण वर्ष सीटशिवाय राहिला. ओकोनच्या आईवडिलांनी मुलाच्या शर्यतींसाठी घर विकलं होतं आणि ते कुटुंब कॅराव्हॅनमध्ये राहिलं होतं. ज्याला हे ऐकून राग येत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जड वाटते. माल्डोनाडोच्या गाडीवर त्या तेल कंपनीचं जे पीडीव्हीएसए हे नाव लिहिलेलं होतं तो काही कुणा शौकीन उद्योगपतीचा पैसा नव्हता. ती एका देशाची तेलाची मिळकत होती आणि त्याच दशकात त्या देशातली माणसं औषधांसाठी आणि पिठासाठी रांगा लावत होती. अशा पैशाचं समर्थन कुठल्याही युक्तिवादानं होत नाही. शिवाय असा पैसा राजकारणाच्या वाऱ्यावर चालतो. २०१६ च्या तोंडावर तो आटला आणि माल्डोनाडोची सीट गेली. हास संघानं २०२१ मध्ये उरलकाली या रशियन कंपनीचा पैसा घेतला, गाडीला रशियाच्या झेंड्याचे रंग दिले, त्या कंपनीच्या मालकाचा मुलगा निकिता माझेपिन गाडीत बसवला. युक्रेनवर हल्ला झाला आणि मार्च २०२२ मध्ये मोसमाला दोन आठवडे उरले असताना हासला प्रायोजक आणि ड्रायव्हर दोन्ही सोडावे लागले. घाईघाईत परत बोलावलेला केविन मॅग्नुसन बहरीनमध्ये पाचवा आला. माझेपिननं अख्ख्या मोसमात एकही गुण मिळवला नव्हता.

एवढं मान्य केल्यावरही 'पे ड्रायव्हर हटाव'चा युक्तिवाद उभा राहत नाही, कारण पैसा आणि गुणवत्ता ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, असं तो गृहीत धरतो. त्याच माल्डोनाडोनं २०१२ मध्ये बार्सिलोनाला, मागे फर्नांडो अलोन्सोसारखा माजी जगज्जेता लागलेला असताना, शर्यत जिंकली. विल्यम्सचा त्यानंतर आजवर दुसरा विजय नाही. याचा अर्थ माल्डोनाडो हुल्केनबर्गपेक्षा श्रेष्ठ होता असा नाही. हुल्केनबर्ग आणखी कितीतरी वर्षं टिकला आणि २०२५ मध्ये सिल्वरस्टोनला अखेर पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, चढला. अर्थ इतकाच की जो जीपी-टूचा, म्हणजे तेव्हाच्या एफ-टूचा, विजेता म्हणून आला होता त्याला निव्वळ पैशानं बसवलेला म्हणणं चूक होतं. मार्कस एरिक्सनचं घ्या. सॉबर संघात असताना त्याची ओळख स्वीडिश पाठीराख्यांचा पैसा आणणारा मुलगा एवढीच. २०२२ मध्ये त्यानं इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली. त्या लंबगोल ट्रॅकवर कुणाचे काका-मामा गाडी चालवून देत नाहीत.

आणि सॉबरचा विषय निघालाच आहे तर फेलिपे नासरची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण या वादातल्या दोन्ही पक्षांना ती अडचणीची आहे. २०१५ मध्ये आर्थिक चणचणीतल्या सॉबरनं दोन सीटसाठी दोनापेक्षा जास्त ड्रायव्हरांशी करार केले. खिडो व्हान डर गार्ड मेलबर्नच्या न्यायालयात गेला, जिंकला, आणि मोसमाची पहिली शर्यत गाड्यांऐवजी वकिलांमुळे गाजली. अखेर भरपाई घेऊन तो बाजूला झाला आणि बांको दो ब्राझीलचा पैसा आणणारा नासर गाडीत बसला. त्या शर्यतीत तो पाचवा आला. पुढच्या वर्षी सॉबरची अवस्था आणखी बिकट झाली. विसाव्या शर्यतीपर्यंत एकही गुण नाही. तळाशी दोनच संघ होते, सॉबर आणि मॅनोर. मॅनोरकडे ऑस्ट्रियात पास्काल वेरलाइननं मिळवलेला एक गुण होता आणि दहाव्या क्रमांकाच्या बक्षीस रकमेवर दोन्ही संघांचं पोट होतं. तेरा नोव्हेंबरला ब्राझीलच्या इंटरलागोस ट्रॅकवर धो धो पाऊस पडला. वेग रोखणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे रांगा, दोनदा शर्यत थांबवणारा लाल झेंडा, सरळ रस्त्यावर घसरणाऱ्या गाड्या. सगळं जग त्या दिवशी मॅक्स व्हेरस्टापेनची ओव्हरटेकिंग पाहत होतं. नासरनं घरच्या ट्रॅकवर, सर्वांत मंद गाड्यांपैकी एकीतून, कुठेही न घसरता नववा क्रमांक राखला. दोन गुण. सॉबर दहावं झालं, मॅनोर अकरावं, आणि जानेवारीत मॅनोरला टाळं लागलं.

आता पुढे काय झालं? बँकेनं हात आखडता घेतला आणि ज्यानं सॉबरला वाचवलं त्या नासरला २०१७ ची सीट मिळाली नाही. त्याच्या जागी आला मर्सिडीजनं घडवलेला वेरलाइन, म्हणजे बुडालेल्या मॅनोरचाच ड्रायव्हर. आता यात पे ड्रायव्हर कोण? पैसा घेऊन आलेला नासर कौशल्यानं संघ वाचवतो आणि पैसा नाही म्हणून जातो. कौशल्यावर आलेला वेरलाइन एका बड्या कारखान्याच्या छत्रीखाली टिकतो. 'विकत घेतलेला' आणि 'कमावलेला' अशी दोन खोकी करून माणसं त्यांत भरायला बसलं, की नासर कुठल्याच खोक्यात मावत नाही. बहुतेक ड्रायव्हर मावत नाहीत.

इतिहासही तेच सांगतो. १९७२ मध्ये एका श्रीमंत ऑस्ट्रियन घराण्यातला मुलगा पूर्ण मोसमासाठी फॉर्म्युला वनमध्ये आला. आजोबांना हे थेर मंजूर नव्हते. त्यांनी त्याचं बँकेचं प्रायोजकत्वही बंद पाडलं. मुलानं दुसऱ्या बँकेकडून आयुर्विमा तारण ठेवून कर्ज काढलं आणि मार्च संघात जागा विकत घेतली. त्या वर्षी त्याला शून्य गुण मिळाले. आजच्या भाषेत बोलायचं तर शंभर टक्के पे ड्रायव्हर, आणि तोही अपयशी. पुढच्या वर्षी पुन्हा कर्ज, बीआरएम संघाची सीट. १९७४ मध्ये फेरारीनं बोलावलं. नीकी लाउडा तीन वेळा जगज्जेता झाला. पहिल्या वर्षाच्या निकालावर त्याला हाकलून दिलं असतं तर आज आपण ते नाव उच्चारलं असतं का?

याच्या उलट टोकाचं उदाहरण आपल्याच घरात आहे. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारताचं कर्णधारपद विझियानगरमच्या महाराजकुमारांना मिळालं ते पैसा आणि वजन यांच्या जोरावर. कसोटीतल्या सहा डावांत त्यांच्या धावा ३३. पण धावांपेक्षा मोठं नुकसान वेगळं झालं. उत्तम खेळत असलेल्या लाला अमरनाथना पहिल्या कसोटीआधीच मायदेशी धाडण्यात आलं. चार वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते आणि तेही क्रिकेटपटू म्हणून बेताचेच. पण लॉर्ड्सच्या कसोटीत ते स्वतः बाजूला राहिले आणि संघाची धुरा नागपूरच्या सी. के. नायडूंकडे दिली. दोघेही पैशानं आलेले. एकानं खेळाडूला हाकललं, दुसऱ्यानं खेळाडूला वाट करून दिली. पैसा आला की खेळ नासतोच असं नाही. पैसेवाल्याला निवडीचा अधिकारही मिळाला आणि त्याला जाब विचारणारं कुणी नसलं, की नासतो.

मग 'पे ड्रायव्हर हटाव' म्हणणारे शुद्धतावादी म्हणतील, म्हणूनच तर दारावर कडक पहारा हवा. तो पहारा बसवलेला आहे आणि त्यानं काय केलं हेच मला या लेखात सगळ्यांत आग्रहानं सांगायचं आहे. २०१६ पासून सुपर लायसन्ससाठी, म्हणजे फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी, तीन वर्षांत ४० गुण लागतात, वय सर्वसाधारणपणे किमान १८ लागतं. सतरा वर्षांचा व्हेरस्टापेन थेट फॉर्म्युला वनमध्ये आल्यानंतर हा नियम झाला. त्यानं देलेत्राझसारख्यांना दार बंद झालं आणि ते चांगलंच झालं. पण हे गुण मिळतात कुठून? एफ-टूमधल्या पहिल्या तिघांना पूर्ण चाळीस. त्याखाली एफ-थ्री, एफ-फोर. म्हणजे ज्या पायऱ्या चढायला सर्वाधिक पैसा लागतो त्या सक्तीच्या झाल्या. एफ-टूचं एक वर्ष म्हणजे काही दशलक्ष युरो, आणि तिथे ड्रायव्हर संघाला पैसे देतो, संघ ड्रायव्हरला नाही. मर्सिडीजचे संघप्रमुख टोटो वोल्फ यांनी काही वर्षांपूर्वी जाहीरपणे मांडलेल्या हिशेबात कार्टिंगपासून फॉर्म्युला वनची सीट मिळेपर्यंतचा खर्च ७०-८० लाख युरोंच्या घरात जात होता. वरच्या दारावर पहारा ठेवण्यासाठी केलेल्या नियमानं खालचा प्रत्येक जिना महाग केला.

किमी रायकोनेन २००१ मध्ये सॉबरमधून आला तेव्हा त्याच्या गाठीशी कार्टनंतर जेमतेम २३ शर्यतींचा अनुभव होता. घरची परिस्थिती साधी. सॉबरनं चाचणीत वेग पाहिला, धोका पत्करला, परवान्यासाठी भांडून तो मिळवला. पहिल्याच शर्यतीत तो सहावा आला, सहा वर्षांनी जगज्जेता झाला. आजच्या नियमात तो बसत नाही. त्याला आधी एफ-फोर, एफ-थ्री, एफ-टू असे बिल भरत यावं लागलं असतं, आणि ते बिल फिनलंडच्या एस्पोमधलं ते कुटुंब कुठून भरणार होतं? आणि बिल भरून, सगळं जिंकून तरी खात्री कुठे आहे? २०२२ चा एफ-टू विजेता फेलिपे द्रुगोविच आणि २०२३ चा तेओ पूरशेर, दोघांनाही त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत-सीट मिळाली नाही.

ही महागाई कार्टिंगच्या ट्रॅकवर सुरू होते, आणि ती तिथे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. कार्ट एकदा घेतलं की भागलं असं घरच्यांना वाटतं. मग कळतं की नव्या टायरच्या सेटवर पहिल्या काही लॅप्समध्ये जो वेग मिळतो तो जुन्या सेटवर कितीही चांगलं चालवलं तरी मिळत नाही. शेजारच्या तंबूतला मुलगा प्रत्येक सत्राला नवे टायर लावतो, आपला मुलगा शनिवारचे रविवारी वापरतो, आणि टाइमशीटवर दोघांत चार-पाच दशांशांचा फरक दिसतो. शेजाऱ्याकडे दोन इंजिनं, एक ट्यूनरकडे गेलेलं, एक गाडीवर. त्याचा मेकॅनिक डेटा लॅपटॉपवर दाखवतो, आपल्याकडे वडीलच पाना घेऊन वाकलेले. बाहेरून पाहणाऱ्याला टाइमशीटवरचा फरक 'टॅलेंट' वाटतो. मोठ्या संघांच्या अकादमी मुलं निवडतात ती याच टाइमशीटवरून, बारा-तेराव्या वर्षी. जो कार्टपर्यंतच पोचला नाही, किंवा जुन्या टायरवर आठवा आला, त्याचं नाव कुठल्याच यादीत जात नाही. त्याची सीट कुणी 'विकत घेतली' म्हणून आपण कधी चिडतो का?

२०२५ चा जगज्जेता लॅन्डो नॉरिस घ्या. त्याचे वडील ॲडम नॉरिस हे ब्रिटनमधले श्रीमंत उद्योजक. लॅन्डोला कुणी पे ड्रायव्हर म्हणत नाही आणि म्हणूही नये, तो विलक्षण वेगवान आहे. पण त्याच्या मागचा पैसा योग्य वयात, योग्य पायरीवर खर्च झाला म्हणून तो अदृश्य आहे, आणि स्ट्रोलच्या मागचा संघमालकीतून आला म्हणून डोळ्यांत खुपतो. लुइस हॅमिल्टनच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या, हे आपण कौतुकानं सांगतो. मात्र १९९८ पासून मॅक्लारेननं खर्च उचलला नसता तर त्या कष्टांचं पुढे काय झालं असतं, हा प्रश्न आपण विचारत नाही. हॅमिल्टनला प्रतिभेनं वर नेलं हे खरं, आणि तेराव्या वर्षी कुणीतरी पैसे भरले हेही तितकंच खरं.

आपल्या मातीत हे समजायला अवघड जाऊ नये. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजार रुपयांवर. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या पैशानं जिंकलं नाही, पण त्या पैशाशिवाय मॅटपर्यंत पाय पोचला नसता. ते कांस्य कुणी विकत घेतलं असं म्हणायची आपली छाती होईल का? मग टाटांच्या पाठबळावर गेलेल्या नारायणबद्दल इतक्या सहज का म्हणतो? २००५ मध्ये इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर वापरणारे संघ बाहेर पडले, सहाच गाड्या धावल्या आणि तो चौथा आला, हे खरं. पण फॉर्म्युला वनच्या सुरुवातीच्या रांगेपर्यंत पोचणारा तो पहिला भारतीय होता, आणि त्याच्या आधी त्या रांगेपर्यंतची वाट कुठल्याही भारतीय कंपनीनं बांधलेली नव्हती.

'बाजार ठरवेल' म्हणणाऱ्यांनाही म्हणून माझा विरोध आहे. बाजार फक्त वरच्या वीस-बावीस सीटचं ठरवतो आणि त्याही जागी आता पैशाची गरज कमी होत चालली आहे. २०२१ मध्ये खर्चावर १४.५ कोटी डॉलरची मर्यादा आल्यापासून संघांची किंमत वाढली, मॅनोरसारखं टाळं लागण्याची भीती ओसरली. ज्या शिस्तीनं वरचे संघ सावरले ती खाली का नको? एफ-फोर आणि एफ-थ्रीला खर्चाची सक्त मर्यादा घाला. कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांत टायरचे सेट मोजून द्या आणि इंजिनं चिठ्ठी टाकून वाटा. ड्रायव्हरसोबत आलेला पैसा संघांनी जाहीर करावा असा नियम करा, आणि सरकारी कंपन्यांचा पैसा त्यात वेगळा दाखवा. एफ-टूच्या विजेत्याला पुढच्या वर्षी मोसमभर शुक्रवारच्या सराव सत्रांत हक्कानं गाडी द्या. यातलं काहीच स्वप्नाळू नाही, खर्चाची मर्यादाही एके काळी अशक्यच म्हणून उडवून लावली जात होती.

आणि भारतापुरतं बोलायचं तर पुरावा हाताशी आहे. फोर्स इंडिया दहा वर्षं भारताच्या नावानं धावली, दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ तीन ग्रांप्री झाल्या, पण त्या संघानं एकाही भारतीयाला शर्यतीत सीट दिली नाही. त्याच संघानं २०११ मध्ये देशभरातून कार्ट चालवणारी मुलं शोधायची एक स्पर्धा मात्र घेतली. तीन मुलं निवडली: तरुण रेड्डी, अर्जुन मैनी आणि मुंबईचा जेहान दारूवाला. तिघांपैकी दोघं एफ-टूपर्यंत गेले. जेहान रेड बुलच्या यादीत आला, एफ-टूमध्ये शर्यती जिंकला, फॉर्म्युला वनची गाडी चाचणीत चालवली. त्याचं घर सधन होतं हे मान्य, पण एका संघानं एकदाच, खालच्या पायरीवर, थोडा पैसा टाकला तर एवढं निघालं. ती स्पर्धा दरवर्षी झाली असती, तिचे टायर आणि प्रवासखर्च कुणा कंपनीनं भरले असते, आणि ती मोठ्या शहरांच्या पलीकडे कोल्हापूर-नाशिकच्या मुलांपर्यंत पोचली असती, तर आज कुणाचा पैसा कुणाच्या गाडीवर लागलाय यावर भांडायला आपल्याकडेही दोन-चार नावं असती.